रेल्वेच्या जुन्या वस्तू जपताना या चुका टाळा: आधी पॉलिशचा डबा बाजूला ठेवा

रेल्वेच्या जुन्या वस्तू गोळा करून गावात एखादी खोली उभी करणारी माणसं आता बरीच भेटतात. कुठे निवृत्त गार्ड आणि रुळांचे सांधे बदलणारे पॉइंट्समन एकत्र येतात, कुठे शाळेचा एखादा रिकामा वर्ग मिळतो, कुठे नॅरोगेज बंद झालेल्या गावात नगरपालिका जागा देते. या सगळ्यांची तळमळ खरी असते आणि कामही गरजेचं आहे. दिल्लीचं राष्ट्रीय रेल्वे संग्रहालय १९७७ साली सुरू झालं, नागपूरच्या मोतीबागेतलं नॅरोगेज संग्रहालय २००२ मध्ये. तिथे इंजिनं आणि डबे सांभाळले जातील. पण बार्शी लाईट या जुन्या नॅरोगेज लाईनवरच्या एखाद्या आडस्टेशनातला कंदील, तिथल्या मास्तरांच्या हातची वही, तिकीटबाबूच्या कपाटात उरलेली पुठ्ठ्याची तिकिटं, हे गावाने सांभाळलं नाही तर दुसरं कोणी सांभाळणार नाही. म्हणूनच त्याच त्या चुका बघितल्या की जीव तुटतो. बहुतेक चुका घाईतून होतात.

घासून लख्ख करणे

ही चूक पहिली, कारण ती दुरुस्त करता येत नाही. वस्तू हातात आली की पहिल्या संध्याकाळीच कोणीतरी चिंच, लिंबू, पावडर, पॉलिशचा डबा घेऊन बसतो. हल्ली तर ग्राइंडरला तारेचा ब्रश लावतात.

एका तालुक्याच्या गावी मला मोठ्या कौतुकाने टोकनचा गोळा दाखवायला नेलं होतं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. एकेरी मार्गावर समोरासमोर दोन गाड्या येऊ नयेत म्हणून दोन स्टेशनांवर टोकनची दोन यंत्रं असत. ती तारेने एकमेकांना जोडलेली. पलीकडच्या मास्तरांनी संमती दिल्याशिवाय अलीकडच्या यंत्रातून गोळा निघत नसे, आणि एक गोळा बाहेर असेपर्यंत दुसरा निघत नसे. तो गोळा कड्याच्या पिशवीत घालून ड्रायव्हरला द्यायचा. तो हातात असणं म्हणजे त्या सेक्शनमध्ये जायची परवानगी. गोळ्यावर त्या दोन स्टेशनांची नावं किंवा लघुरूपं कोरलेली असत, आणि गोळ्याची किंमत त्या अक्षरांत होती.

त्या गावच्या उत्साही पोरांनी तो गोळा ग्राइंडरवर धरला होता. वर बफिंग, वर लॅकर, खाली लाल मखमल. दिसायला देखणा. त्याच दिवशी तिथे ऐंशीच्या पुढचे एक निवृत्त स्टेशन मास्तर आले होते. त्यांनी चष्मा पुसून लावला, गोळा दोन्ही हातांत घेतला आणि अंगठा एकाच जागी पुन्हा पुन्हा फिरवू लागले. नंतर विचारलं, "हा कुठल्या सेक्शनचा?" कोणाला सांगता येईना. ज्या घरातून तो आला त्या घरच्यांनी सांगितलं होतं म्हणे, पण लिहून कोणी घेतलं नव्हतं. मास्तर म्हणाले, "आमच्या सेक्शनचा असता तर अंधारातसुद्धा हाताला कळला असता." पोरं गप्प झाली. त्यांच्या मेहनतीला नाव ठेवायचं नाही. पण त्यांना वस्तू चमकवण्याआधी वाचायला कोणी शिकवलं नव्हतं, आणि उद्घाटनाची तारीख छापून झालेली होती.

पितळेचं तर आणखी नाजूक आहे. चिंच-लिंबाच्या आंबटाने पितळेतलं जस्त निघून जातं आणि तांब्यासारखी लालसर झाक उरते. लोक तिला "मूळ रंग" समजतात. अमोनिया असलेल्या पॉलिशने ताण असलेल्या पितळेला बारीक तडे जाऊ शकतात. आणि प्रत्येक घासणीत ठशाची कड थोडी थोडी झिजते. शिट्ट्या, कुलपं, कंदिलांची बुडं यांवरचे जी.आय.पी., बी.एल.आर. असे रेल्वे कंपन्यांचे ठसे मुळातच उथळ असतात. दर स्वातंत्र्यदिनाला पॉलिश झालं तर काही वर्षांत हाताला गुळगुळीत पत्रा लागेल.

माझी सवय अशी: नवीन आलेल्या वस्तूला पहिले काही आठवडे मऊ ब्रश आणि कोरडं सुती फडकं यापलीकडे काही लावू द्यायचं नाही. आधी सगळ्या बाजूंनी फोटो, शेजारी फूटपट्टी ठेवून. मग खोलीत अंधार करून टॉर्च अगदी आडवा धरायचा आणि वस्तू सावकाश फिरवायची. दिसत नव्हती ती अक्षरं सावलीने उठून येतात. त्यावर पातळ कागद ठेवून मऊ पेन्सिल फिरवली की ठसा कागदावर उतरतो, तो नोंदीला जोडायचा. लोखंड गंजत असेल तर सुटी पापुद्र्याची गंज हलक्या हाताने काढून, पूर्ण कोरडं करून मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा पातळ हात. सोनेरी ऑइलपेंटचा डबा संग्रहालयाच्या दाराच्या आतच येऊ देऊ नये, असं माझं ठाम मत आहे.

स्टेशनात घंटा म्हणून टांगलेल्या रुळाच्या तुकड्यालाही हेच लागू. रुळाच्या मधल्या पट्टीवर कारखान्याचं नाव आणि साल उठावात उमटवलेलं असतं. लाल रंगाचे चार थर चढवलेत तर तो नुसता रूळ. रंग खरवडण्याआधीही थांबा. एखाद्या आडबाजूला नखाएवढी जागा सगळे थर दिसतील अशी राखून ठेवा, कारण जुन्या रंगांचा पुरावा दुसरीकडे कुठेच मिळत नाही. जुन्या रंगात शिसं असतं, त्यामुळे कोरडं घासकाम टाळा, आणि पोरांच्या हाती तर ते देऊच नका.

"ब्रिटिशकालीन कंदील"

ही पाटी मी इतक्या ठिकाणी वाचली आहे की तिच्यावर बंदी घालावीशी वाटते. ब्रिटिशकालीन म्हणजे कधीचा? कोणत्या कंपनीचा? कोणी हातात धरला? त्याच्या शेजारी बहुधा दुसरी पाटी असते: "पहिल्या रेल्वेच्या वेळचा." १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला चौदा डब्यांची गाडी गेली, हे शाळेत सगळे शिकलेत, म्हणून जी जुनी वस्तू दिसेल ती त्या गाडीला जोडून मोकळे होतात. टोकनच्या यंत्राला १८५३ची पाटी लावलेली मी पाहिली आहे. विजेवर चालणारी टोकन यंत्रं खुद्द इंग्लंडात आली ती १८७८च्या सुमारास.

वस्तूच पुष्कळ काही सांगते, फक्त विचारायला हवं. बुडावर जी.आय.पी. असा ठसा आणि शेजारी वेगळ्या अक्षरांत सी.आर. असेल, तर तो कंदील ग्रेट इंडियन पेनिन्सुलाच्या काळात घेतला गेला आणि ५ नोव्हेंबर १९५१ला मध्य रेल्वे झाल्यावरही कामात राहिला. दोन्ही ठसे मोलाचे. एका ठिकाणी "नंतरचा" म्हणून सी.आर. कानशीने घासून टाकलेला बघितला आणि अन्न गोड लागलं नाही. बी.एल.आर. असेल तर ती बार्शी लाईट, म्हणजे १८९७ साली सुरू झालेली अडीच फुटी लाईन, जी १९५४ मध्ये सरकारकडे आली. एवढ्या दोन तारखांतही वस्तूचं वय आवळता येतं.

जे वस्तू सांगत नाही ते माणूस सांगतो, आणि ते त्याच दिवशी लिहून घ्यावं लागतं. "नंतर निवांत बसू" म्हणणाऱ्यांचा मला खरंच राग येतो. देणारे ऐंशीच्या घरात असतात. नंतर नसतो.

नोंदवही जाड पुठ्ठ्याची, शिवलेली, पानांना क्रमांक असलेली. सुटे कागद नकोत, आणि नुसत्या मोबाइलमधल्या यादीवर तर अजिबात भिस्त ठेवू नका. साल आणि अनुक्रम असा क्रमांक, २०२४/७ असा. वस्तू काय, माप, ठसे जसेच्या तसे, कोणी दिली, त्यांच्याकडे कशी आली, कुठल्या स्टेशनात कोणत्या कामाला वापरली, मोडतोड काय आहे. ऐकीव माहिती असेल तर "असे सांगतात" हे शब्द लिहायचेच. क्रमांक वस्तूवर मार्करने लिहू नका. मी सुती फितीला क्रमांकाचं कार्ड बांधतो, पेन्सिलीने लिहिलेलं. कायमचा हवा असेल तर पॅरालॉइडचा, म्हणजे पुन्हा काढता येणाऱ्या पारदर्शक लेपाचा, पातळ थर, त्यावर शाई, वर पुन्हा थर, म्हणजे पुढे कोणाला काढताही येतो.

बोलतं करायचं तर वस्तू हातात द्या. "तुमच्या आठवणी सांगा" म्हटलं की रुळांची देखभाल करणारा गँगमन दोन वाक्यांत गप्प होतो. त्याच्या हाती की-मनचा हातोडा द्या, चावी, म्हणजे रूळ घट्ट धरणारी पाचर, कशी ठोकायची आणि आवाजावरून ढिली कशी ओळखायची ते तो उठून दाखवतो. फोनचं रेकॉर्डिंग आधीच चालू ठेवा, परवानगी घेऊन. आणि मास्तर, ड्रायव्हर यांच्यावरच थांबू नका. पॉइंट्समन, खलाशी म्हणजे रेल्वेतले मदतनीस, इंजिनात कोळसा टाकणारे फायरमन, त्यांच्या घरच्या बायका यांच्याकडे जे आहे ते कुठल्याच फायलीत नाही. गार्डाच्या लाईन बॉक्समध्ये, म्हणजे गाडीवर न्यायच्या सामानाच्या पेटीत, काय काय असे आणि तो कोण उचलत असे, हे मला एका गार्डाच्या पत्नीने सांगितलं, आणि तिचं सांगणं नवऱ्यापेक्षा तपशिलाचं होतं.

निळी काच "दुरुस्त" करणे

सिग्नलच्या चष्म्यात, म्हणजे दिव्यापुढे येणाऱ्या रंगीत काचांच्या चौकटीत, हिरव्याऐवजी निळसर काच दिसली की लोकांना वाटतं कोणीतरी चुकीची बसवली. मग ती काढून हिरवीगार काच किंवा रंगीत प्लास्टिक लावतात. काढू नका. मागे रॉकेलचा दिवा असे, त्याची ज्योत पिवळी. पिवळ्या उजेडापुढे निळसर काच आली की लांबून स्वच्छ हिरवा दिसतो. बसवणाऱ्यांनी पूर्ण विचाराने बसवलेली काच आहे ती. तुमच्याकडे ती निळी दिसते कारण तुम्ही मागे पांढरा एलईडी लावलाय. पिवळसर उजेडाचा मंद बल्ब लावा, सिग्नल हिरवा होईल. एखादी गोष्ट चुकीची वाटली तर ज्याने ती वापरली त्याला विचारल्याशिवाय पान्हा उचलायचा नाही, हा नियम मी सगळीकडे पाळतो.

कागदाला लॅमिनेशन

जुनं वेळापत्रक, पास, सर्व्हिस शीट, काहीही लॅमिनेट करू नका. उष्णतेने चिकटलेलं प्लास्टिक पुन्हा सुटत नाही आणि आतला आम्लधर्मी कागद आतच ठिसूळ होत राहतो. सेलोटेपही नको, पिवळी पडून डाग पाडते. तिकिटं पीव्हीसीच्या अल्बममध्ये न ठेवता आम्लविरहित कागदाच्या पाकिटात ठेवा. थॉमस एडमंडसनच्या पद्धतीची ती जाड पुठ्ठ्याची तिकिटं दणकट वाटतात, पण पावसाळ्यात पाणी ओढून फुगतात. आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर राहिली की बुरशी आलीच, म्हणून पन्नासच्या आसपास ठेवायचा प्रयत्न करा. आर्द्रतामापक फार महाग नसतो. उजेड ५० लक्सच्या आत. मूळ कागद पेटीत ठेवून भिंतीवर छायाप्रत लावली तर बघणाऱ्याचं काहीच बिघडत नाही.

पटाखे

जुन्या लाईन बॉक्समध्ये धुक्यात रुळावर लावायचे पटाखे, म्हणजे डेटोनेटर, सापडू शकतात. चपटा गोल डबा आणि त्याला रुळावर गुंडाळायच्या पट्ट्या. ते खरे स्फोटक आहेत आणि जुने झाले म्हणून निर्धोक होत नाहीत. हलवू नका, उघडून बघू नका, काचेच्या कपाटात तर ठेवूच नका. खोली रिकामी करून पोलिसांना कळवा. त्याचप्रमाणे जुन्या बॉयलरवरचं पांढरं-करडं, दोरखंडासारखं किंवा प्लास्टरसारखं आवरण ॲस्बेस्टॉस असू शकतं, तेही खरवडू नका.

कागदपत्रांशिवाय घेणे

भंगारवाल्याकडे पितळी कंदील दिसला, घेतला, झालं? रेल्वे मालमत्ता (बेकायदेशीर कब्जा) कायदा १९६६चा आहे आणि चोरीची असल्याचा रास्त संशय असलेली रेल्वेची वस्तू तुमच्याकडे सापडली, तर ती कायदेशीर मार्गाने आल्याचं तुम्हाला दाखवावं लागतं. शिक्षा पाच वर्षांपर्यंत आहे. लिलावाची पावती, देणाऱ्याचं सहीचं पत्र, रेल्वेकडून उसनी घेतली असेल तर तिचा आदेश, यांची प्रत नोंदवहीला जोडा. चालू लाईनवरून "आठवण" म्हणून काही उचलून आणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. तिथे गाड्या धावताहेत.

बाहेर उभं केलेलं इंजिन

दरवर्षी बाहेरून रंग देतात आणि आतून ते सडत असतं. फायरबॉक्स आणि स्मोकबॉक्समध्ये राख उरलेली असली की पावसाच्या ओलीने तिचं आम्ल होतं आणि पत्रा खातं. रंगाच्या पैशातून आधी राख काढा, धुराड्यावर झाकण बसवा, पाणी साचतं तिथून वाट द्या, आणि वर छप्पर घाला. रंगाचं नंतर बघू.

बाकी बारीकसारीक: इनॅमलच्या पाट्यांना नवी भोकं पाडू नका, टवका उडाला की तिथून गंज धरतो. घड्याळाला किल्ली द्यायच्या आधी जाणकाराला दाखवा. लाकडी बाकं भिंतीपासून हातभर दूर, खाली वाळवीची माती शोधत राहायचं.

आणि १६ एप्रिलचा हट्ट सोडा. दरवर्षी कोणीतरी त्या तारखेला फीत कापायची म्हणून मार्चमध्ये धावाधाव करतं आणि वर सांगितलेली प्रत्येक चूक त्याच महिन्यात होते. दहाच वस्तू असू देत, पण दहाही नोंदलेल्या आणि पाट्या तपासलेल्या असू देत. उरलेल्या पेटीत कोरड्या राहतील, त्या पुढच्या वर्षी मांडा. सध्या ज्यांच्याकडून वस्तू आल्या त्यांची यादी काढा आणि सगळ्यात वयस्कर माणसाच्या घरी आधी जा.