छारोक ऐकायला कसं शिकावं

धरमशालेला तिबेटी शिकत होते तेव्हा माझ्या खोलीच्या पत्र्यावर रोज पहाटे डोमकावळे नाचायचे. गेन-लांना (शिक्षकांना आम्ही असंच म्हणायचो) मी विचारलं, ‘कावळ्याला तिबेटीत काय म्हणतात?’ त्यांनी एक सोडून तीन शब्द दिले. मग म्हणाले, आधी उच्चार, मग पक्षी, अर्थ सगळ्यांत शेवटी. हा क्रम मी आजही पाळते आणि नव्याने शिकणाऱ्यांनाही तोच सांगते. तिबेटी परंपरेतला कावळा म्हटलं की लोक थेट शकुनावर जातात, आणि मग ना पक्षी कळतो ना शकुन.

तेव्हा सुरुवात नावापासून. तिबेटी शब्द मुलांना फोडून म्हणायला शिकवतात. कावळ्यासाठीचा पहिला शब्दही तसाच मोठ्याने म्हणा: फ-यतक-छा, र-नारो-रो-ग-रोक, छारोक. यतक म्हणजे अक्षराच्या पायाशी जोडलेला य आणि नारो म्हणजे वरची ओकाराची खूण. लिहिताना ‘ब’ला (ल्हासात तो ‘फ’सारखा म्हणतात) ‘य’ जोडलेला दिसतो, पण ल्हासाच्या बोलीत त्याचा ‘छा’ होतो. आवाज खालच्या पट्टीत ठेवायचा आणि शेवटचा ‘क’ घशातच तोडायचा. या छाचा अर्थ पक्षी. गंमत अशी की चहालाही ल्हासात अगदी असाच ‘छा’ म्हणतात. कानाला दोन्ही सारखे, फरक फक्त लिहिण्यात. म्हणून शब्द ऐकून पाठ करू नका, लिहून पाठ करा. भूतानमध्ये हाच शब्द ‘जारोग’ होतो.

दुसरा शब्द फोरोक. लडाखमध्ये मला हाच जास्त ऐकू आला. तिसरा खाता. यात ‘ख’च्या पायाशी एक छोटी त्रिकोणी खूण असते, वासुर, आणि ती उच्चारात येत नाही. पाहुण्याच्या गळ्यात घालतात त्या पांढऱ्या रेशमी वस्त्राचं नावही कानाला जवळजवळ तसंच लागतं, पण त्याचं लेखन अगदी वेगळं. शब्दकोशांत हे तिन्ही शब्द एकमेकांच्या हद्दीत शिरतात. म्हणून कोशावर विसंबू नका, बोलणाऱ्याला पक्षी दाखवून विचारा. लाल पायांचा, लाल किंवा पिवळ्या चोचीचा काळा पक्षी दिसला तर तो या तिघांतला नाही. तो क्युंगका, आणि त्याला कावळा म्हटलं की तिबेटी माणूस लगेच दुरुस्त करतो.

आता पक्षी. तिबेटी पठारावरचा खरा छारोक म्हणजे रेव्हन. आपल्या डोमकावळ्याहून तो चांगलाच मोठा असतो. बसलेला असला तर गळ्याकडे बघा, तिथे लांब, टोकदार पिसांची दाढी दिसते. उडताना शेपटी बघा. डोमकावळ्याची शेपटी टोकाला साधारण गोलसर, रेव्हनची पाचरीसारखी, मधे लांब आणि कडेला आखूड. वाऱ्यावर तो घारीसारखा पंख न हलवता तरंगतो आणि मधेच हवेत कोलांटीही घेतो.

मला तो नीट भेटला लडाखमधल्या हानले गावात, चांगथांगच्या ४,२०० मीटरच्या वरच्या पठारावर. मातीच्या कुंपणावर बसला होता, माझ्यापासून दहा पावलांवर. ओरडण्याआधी मान पुढे काढायचा, गळ्याची पिसं फुलायची आणि मग पोकळ लाकडावर ठोकल्यासारखा आवाज यायचा. उडाला तेव्हा पंखांची सूं-सूं स्पष्ट ऐकू आली. ज्यांच्या घरी उतरले होते त्या अमा-ले चुलीपाशी होत्या. बाहेर न बघताच म्हणाल्या, ‘फोरोक.’

यापुढचा भाग माझ्या सर्वांत जिव्हाळ्याचा, म्हणून जरा सविस्तर सांगते. आपल्या कानात ‘काव काव’ इतकं मुरलेलं असतं की कुठलाही कावळा ओरडला तरी आपल्याला तेच ऐकू येतं. तिबेटी कानात वेगळे आवाज आहेत, आणि ते लिहून ठेवलेले सापडतात. चीनमधल्या तुनहुआंगच्या गुहेत हजारेक वर्षं बंद राहिलेली हस्तलिखितं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बाहेर आली. त्यांपैकी पॅरिसला नेलेल्या एका तिबेटी हस्तलिखितात कावळ्याच्या आवाजावरून शकुन बघायचा तक्ता आहे. ल्होंग ल्होंग ऐकू आलं तर शुभ. थाग थाग मध्यम. क्राग क्राग म्हणजे दुरून कोणीतरी येणार. क्रोग क्रोग म्हणजे मित्र येणार. कावळा ओरडला की पाहुणा येणार हे आपण लहानपणापासून ऐकत आलो, पण कुठल्या ओरडण्याने कोण येणार, इतकं बारीक कान देणं मला तिथेच पहिल्यांदा भेटलं. तिथे कावळा माणसाचा रक्षक आहे. याकचं मांस मिळणाऱ्या कुरणांवर फिरणारा, देवांचं म्हणणं आपल्या आवाजातून पोचवणारा. त्याला अशुभ ठरवून ही परंपरा वाचायला बसाल तर पहिल्या ओळीलाच चुकाल.

तेंग्युर या तिबेटी ग्रंथसंग्रहातही कावळ्याच्या शकुनांचा एक छोटा ग्रंथ आहे. तो संस्कृतातून आला, अनुवादक दानशील. त्यात कावळ्यांचे वर्णसुद्धा सांगितलेत, लाल डोळ्यांचा तो क्षत्रिय. पुढे दिवसाचे प्रहर आणि त्या प्रत्येकात आठ दिशा, शिवाय डोक्यावरची नववी. पहिल्या प्रहरात पूर्वेला ओरडला तर मनातलं पुरं होईल, पश्चिमेला ओरडला तर मोठा वारा सुटेल.

हे वाचायचं कसं? भविष्य बघायला नव्हे, ऐकण्याची शिस्त म्हणून. एक वही घ्या आणि तीन रकाने आखा: वेळ, दिशा, आवाज. दिशा तुम्ही उभे आहात तिथून धरायची, कावळा कुठे उडाला त्यावरून नाही. आवाजाच्या रकान्यात ‘काव’ लिहायला स्वतःला बंदी घाला. जे ऐकू आलं ते अक्षरांत उतरवा, ‘क्रॉक’, ‘टोक’, ‘ग्रर्र’, वेडंवाकडं असलं तरी चालेल. माझ्या वहीत पहिले दोन आठवडे सगळीकडे एकच आवाज होता. तिसऱ्या आठवड्यात पाच झाले. कावळे तेच होते. अर्थाचा चौथा रकाना मी अजून आखलेला नाही, तुम्हीही घाई करू नका.

गोष्टींपैकी एक तरी माहीत असायलाच हवी. पहिले दलाई लामा गेंदुन ड्रुब १३९१ मध्ये त्सांग प्रांतात भटक्या पशुपालकांच्या घरात जन्मले. त्याच रात्री दरोडेखोरांचा हल्ला झाला. आईने बाळ दगडांच्या खोबणीत लपवलं आणि ती पळाली. सकाळी येऊन बघते तर बाळ सुखरूप, शेजारी राखण करणारा कावळा. आमदो प्रांतातल्या ताकत्सेर गावात १९३५ मध्ये चौदावे दलाई लामा जन्मले, तेव्हाही कावळ्यांची एक जोडी रोज सकाळी घराच्या छपरावर येऊन बसायची, थोडा वेळ थांबून जायची. हे त्यांनी स्वतः सांगितलंय, आणि सातव्या, आठव्या, बाराव्या दलाई लामांच्या वेळीही असंच घडल्याचं जोडलंय.

हा कावळा म्हणजे महाकालाचं, तिबेटी बौद्धांच्या रक्षक देवतेचं रूप, अशी श्रद्धा आहे. म्हणून शेवटचा धडा मठात. महाकालाच्या थांगक्यात (कापडावर रंगवलेल्या धार्मिक चित्रात) मुख्य मूर्तीवरून नजर खाली आणि कडेला न्या. ज्वाळांच्या आसपास इवले काळे पक्षी आणि कुत्रे धावताना सापडतात, ते त्याचे दूत. कधी महाकालालाच कावळ्याचं डोकं असतं, एका हातात वाकडी सुरी, दुसऱ्यात कवटीचं पात्र. त्याचं नाव छारोक दोंगचेन. दोंग म्हणजे तोंड, चेन म्हणजे असलेला. पहिला शब्द तुम्ही मघाशीच शिकलात. भूतानच्या राजाच्या मुकुटावरचा कावळाही हाच.

रक्षक देवतांची खोली असते तिला गोनखांग म्हणतात. तिथे मूर्तींचे चेहरे बहुधा कापडाने झाकलेले असतात. ते कापड उचलायचं नाही. काही ठिकाणी स्त्रियांना आत सोडत नाहीत. मी एका मठात उंबऱ्याबाहेरच थांबले, आणि वाईट वाटलं, ते लपवत नाही. पण आतली देखभाल करणाऱ्या कोन्येरना मी दारातूनच विचारलं, ‘छारोक दोंगचेन?’ छा खालच्या पट्टीत, क तोडून. त्यांनी मागे वळून लोण्याचा दिवा उचलला, दाराजवळच्या भिंतीशी धरला आणि माझ्या डोळ्यांच्या उंचीवर रंगवलेली काळी चोच मला दाखवली.