ट्रान्सचा सेट कसा बांधायचा: पॉल व्हॅन डाइक ऐकून शिकताना

बेळगावातल्या शहापूर, वडगाव, अनगोळकडची बरीच पोरं गणपतीच्या मिरवणुकीत आणि हळदीला डीजे लावतात. हात बसलेला असतो, पण दीड मिनिटात गाणं कापायची सवय लागलेली असते. मुखडा झाला, एक अंतरा झाला, की पुढचं गाणं. मिरवणुकीत तेच लागतं. ट्रान्स हे हळूहळू चढत जाणारं इलेक्ट्रॉनिक नाचाचं संगीत. त्याचा ट्रॅक मात्र सात-आठ मिनिटांचा असतो आणि त्यातला जीव बऱ्याचदा निम्म्यानंतरच लागतो.

शिकायला मी पॉल व्हॅन डाइक हा जर्मन ट्रान्स डीजे सांगतो. जन्म १९७१चा, पूर्व जर्मनीतला. वाढला पूर्व बर्लिनमध्ये. तिथं हवी ती रेकॉर्ड दुकानात मिळायची नाही, म्हणून बर्लिनच्या भिंतीपलीकडची रेडिओ स्टेशनं लावून ऐकायचा. भिंत पडायच्या थोडं आधी आईबरोबर हॅम्बुर्गला गेला, मग परत बर्लिनला आला आणि १९९१च्या मार्चमध्ये ट्रेझोर क्लबमध्ये पहिल्यांदा वाजवला. म्हणजे क्लबात उभा राहायच्या कितीतरी आधी त्याचा कान तयार झाला होता. पुढं २००५ आणि २००६, सलग दोन वर्षं ‘डीजे मॅग’ मासिकाच्या जगभरातल्या डीजेंच्या यादीत तो पहिला आला.

तर कंट्रोलर (गाणी मिसळायचं मशीन) घ्यायची घाई करू नका, आधी ऐका. त्याचं ‘फॉर अॅन एंजल’ लावा. १९९४च्या अल्बममधलं, १९९८ साली नव्या रूपात आलं आणि गाजलं. हेडफोन घालून ठोके मोजा. चार ठोक्यांचा एक बार, आठ बारांचे बत्तीस ठोके. हाय-हॅट (झांजेसारखा आवाज) असो, बेस असो की नवा सूर, बहुतेक वेळा तो या बत्तिशीच्या पहिल्या ठोक्यावर येतो. भजनात पखवाजाची सम पकडता, तशी ही पकडायची. १३८ बीपीएमला (मिनिटाला १३८ ठोके) ३२ ठोके म्हणजे साधारण १४ सेकंद. न मोजता कळायला लागलं की मग मशीनला हात लावा.

दोन ट्रॅकचा वेग आपोआप जुळवणारं सिंक बटण सुरुवातीला बंद ठेवा. एक ट्रॅक १३४चा, दुसरा १३८चा असेल तर दुसऱ्याचा वेग पिच फेडरनं (वेगाच्या सरकपट्टीनं) जवळजवळ तीन टक्के कमी करावा लागतो. तरी किक (ड्रमचा मुख्य ठोका) जुळली नाही तर ‘धड-धड’ असा दुहेरी आवाज येतो. नवा ट्रॅक पुढं पळत असेल तर जॉग व्हीलची (मशीनवरच्या गोल चकतीची) कड बोटानं हलकेच मागे सरकवा. दाबू नका, सरकवा.

आता बेस. दोन्ही ट्रॅकचा बेस एकदम सोडला की बेसचे डबे गुदमरतात आणि सगळं गढूळ होतं. नव्याचा लो नॉब (बेस कमी-जास्त करायचं बटण) पूर्ण खाली ठेवून आवाजाचा फेडर वर घ्या, एक-दोन बत्तिशा जाऊ द्या, आणि पहिल्या ठोक्यावर एका हातानं जुन्याचा लो खाली, दुसऱ्यानं नव्याचा वर. दोन्ही हात एकाच क्षणी. ट्रान्स मिक्सिंगचं निम्मं काम एवढंच आहे, ते रोज घोटा.

सूरही बघा. ए मायनरनंतर ई मायनर, डी मायनर किंवा सी मेजर गोड लागतं; सॉफ्टवेअर पट्टी दाखवतं, पण शेवटी कानाचं ऐका.

मग ब्रेकडाउन. किक थांबते, सूर एकटा उरतो, आणि आपली पोरं घाबरून पुढचं गाणं टाकतात. हात लावू नका! समोरची माणसं थांबलेली दिसतात, पण ती वाट बघत असतात. किक परत आली की सगळे एकदम उडतात. टिळकवाडीतल्या कॉलेजच्या गॅदरिंगला मी हे डोळ्यांनी बघितलंय.

स्टेजची कड उजेड असतानाच चालून बघा. २०१६च्या फेब्रुवारीत युट्रेख्तला पॉल व्हॅन डाइक स्टेजवरून पडला, मणक्याला आणि मेंदूला मार बसला. आपल्याकडच्या फळ्यांच्या स्टेजला कठडा क्वचितच असतो, तेव्हा कडेला पांढरी पट्टी मारून घ्या.

उघड्यावर रात्री दहाला आवाज बंद करावा लागतो, म्हणून वेळ उलटी मोजा. सातला १३२वर सुरू करा, साडेआठपर्यंत १३६, सगळ्यात मोठा ट्रॅक साडेनऊला. शेवटचा ट्रॅक असा निवडा की त्याला लांब आउट्रो (शेवटचा उतरता भाग) असेल, आणि तो दहाला पाच मिनिटं असताना संपेल.