फिरणाऱ्या माणसाला भेट द्यायची असेल तर

फिरणाऱ्या माणसासाठी भेट घेताना दुकानात वस्तू हातात धरून आधी तिचं वजन बघा. जगाचा नकाशा छापलेला मग, पितळी होकायंत्र, जाडजूड कातडी डायरी या वस्तू शोकेसमध्ये फार देखण्या दिसतात आणि सॅकमध्ये कधीच जात नाहीत. ज्याला प्रवासाची खरी ओढ आहे तो सामान कमी कसं करता येईल याच विचारात असतो, आणि आपण त्याच्या हातात अर्ध्या किलोचं काहीतरी ठेवतो.

मी लालबागला राहते आणि नोकरीसाठी रोज फोर्टला जाते. शुक्रवारी ऑफिस सुटलं की घरी न जाता थेट सीएसएमटी नाहीतर परळ डेपो गाठायचा, ही माझी जुनी सवय. ती भाचरांना लागली, पुतण्यांनाही लागली. त्यामुळे कुणाचा वाढदिवस आला, कुणी पहिल्यांदाच लांबच्या प्रवासाला निघालं, की "मावशी, त्याला काय देऊ गं?" म्हणून फोन येतो. दर वेळी तेच सांगते, म्हणून आता सविस्तर लिहून काढते.

पहिलं नाव पंच्याचं. साधा, पातळ, सुती पंचा. सोलापुरी चादर घरासाठी उत्तम, पण ती पाठीवर घेऊन गड चढायचा नसतो. पंचा अंघोळीला चालतो, उन्हात डोक्याला गुंडाळता येतो, एसटीच्या खिडकीतून धूळ आली तर तोंडावर घेता येतो, रात्री गाडीत गुंडाळी करून मानेखाली ठेवता येतो. मुख्य म्हणजे तो वाळतो. पावसाळ्यात कोकणात जाडा टॉवेल दोन दिवस ओला राहतो आणि सगळ्या बॅगेला वास लावतो. पंचा खोलीत दोरीवर टाकला तर सकाळपर्यंत घडी घालण्याजोगा होतो. म्हणून पंच्यासोबत चार-पाच मीटर नायलॉनची दोरी आणि मूठभर कपड्यांचे चिमटे द्या. भेट किरकोळ वाटेल, पण पहिल्याच मुक्कामात तिची आठवण निघेल.

दुसरी भेट, साखळी आणि कुलूप. रेल्वेच्या खालच्या बर्थखाली सामान बांधायला लोखंडी कड्या असतात, बऱ्याच जणांना त्या ठाऊकच नसतात. साखळी सॅकच्या नुसत्या पट्ट्यातून न ओवता वरच्या शिवलेल्या कडीतून आणि पट्ट्यातून अशी दोन्हींतून ओवायची. कुलूप आकड्यांचं घ्या, म्हणजे अंधारात किल्ली शोधत बसावं लागत नाही.

पॉवर बँक द्यायची असेल तर जरा हिशेब करा. विमानात ती हातातल्या बॅगेतच न्यावी लागते, चेक-इनच्या सामानात चालत नाही, आणि १०० वॉट-अवरपर्यंतची वेगळ्या परवानगीशिवाय नेता येते. पॉवर बँकेवर छापलेल्या एमएएचच्या (mAh, म्हणजे क्षमतेच्या) आकड्याला ३.७ ने गुणून हजाराने भागायचं. म्हणजे १०,००० एमएएचची ३७ वॉट-अवर आणि २०,००० ची ७४. दोन्ही बसतात. शहरात फिरणाऱ्याला दहा हजाराची पुरे, वजन निम्मं. ज्या पॉवर बँकेवर क्षमता छापलेलीच नाही ती स्वस्त मिळाली तरी घेऊ नका, विमानतळाच्या तपासणीत तीच अडकते.

हे झालं वस्तूंचं. पण माझं मन विचाराल तर फिरणाऱ्याला प्रवासच द्यावा. तिकीट काढून द्यावं, तारीख ठरवून द्यावी. आई-वडिलांना तर नक्कीच. ते "बघू पुढच्या वर्षी" म्हणत राहतात. तिकीट हातात पडलं की बॅग भरायला घेतात.

रेल्वेचं आरक्षण प्रवासाचा दिवस सोडून ६० दिवस आधी सुरू होतं. नोव्हेंबर २०२४ पूर्वी ते १२० दिवस आधी व्हायचं. अजून खूप लोकांच्या डोक्यात जुनाच हिशेब असतो, म्हणून मुद्दाम सांगते. खिडकी सकाळी आठला उघडते आणि ऑनलाइन काढताना सुरुवातीला आधार पडताळलेलं खातंच चालतं. तेव्हा खात्याचं आधारचं काम आदल्या आठवड्यातच उरकून ठेवा, त्याच सकाळी करायला बसू नका. गणपतीच्या दिवसांतल्या कोकणच्या गाड्या तर बघता बघता भरतात. प्रवाशाचं वय अचूक भरा. साठीच्या पुढचे पुरुष आणि पंचेचाळिशीच्या पुढच्या बायका एकटे किंवा दोघंच निघाले असतील तर खालचा बर्थ मिळण्याची शक्यता चांगली असते. गुडघे दुखणाऱ्या आईला मधला बर्थ मिळाला तर भेटीची शिक्षाच होते.

कोकण रेल्वे दिवसाउजेडीच द्या. रात्रीच्या गाडीने माणूस पोचतो खरा, पण कोकण दिसत नाही. सकाळी निघणारी मांडवी किंवा जनशताब्दी घ्या. जनशताब्दीला मोठ्या काचांचा विस्टाडोम डबाही असतो. बसणाऱ्यांना आधीच दोन गोष्टी सांगून ठेवा. रत्नागिरीच्या अलीकडे करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा लागतो, आणि रत्नागिरीजवळच पानवल नदीवरचा ६४ मीटर उंचीचा पूल येतो. रत्नागिरी आली की मोबाइल खिशात ठेवून दारापाशी नव्हे, खिडकीपाशी बसा. पावसाळ्यात या मार्गाचं वेळापत्रक वेगळं असतं आणि गाड्या सावकाश चालतात, तेव्हा पुढे एसटी पकडायची असेल तर हाताशी भरपूर वेळ ठेवा. उशीर होऊ दे, पण बघायचं असेल तर पावसातलं कोकणच बघा, असं माझं ठाम मत.

लांबचं नको म्हणणाऱ्यांसाठी दख्खनची राणी. १९३० पासून धावणारी ही गाडी, आणि तिचा डायनिंग कार अजून चालू आहे. मुंबईकरांनी पुण्याला कशानेही जावं, परतीचं तिकीट मात्र सकाळच्या राणीचं काढावं आणि डायनिंग कारमध्ये टेबलाशी बसून चीज टोस्ट नाहीतर ऑम्लेट खात घाट उतरावा. लग्नाच्या वाढदिवसाला एखाद्या जोडप्याला याहून गोड भेट मला सुचत नाही.

कॉलेजातल्या पोराला द्यायचं असेल तर एसटीचा 'आवडेल तेथे प्रवास' पास बघा. तो चार किंवा सात दिवसांचा मिळतो आणि डेपोतच काढता येतो. मुलीला देणार असाल तर आधी आकडेमोड करा. मार्च २०२३ पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे, त्यामुळे तिला सुटी तिकिटंच स्वस्त पडण्याची शक्यता जास्त. पंचाहत्तरीच्या पुढच्या आजी-आजोबांना तर राज्यात एसटीचा प्रवास मोफतच आहे. त्यांना पास नको, सोबत द्या.

आता कुठे जायचं. जुलै २०२५ मध्ये मराठ्यांचे बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आले. अकरा महाराष्ट्रातले आणि बारावा तमिळनाडूतला जिंजी. आमच्या घरात तेव्हापासून वाढदिवसाला किल्ला द्यायची पद्धत पडली आहे. ज्याचा वाढदिवस त्याने यादीतला एक निवडायचा, बाकीच्यांनी त्याला घेऊन जायचं. सुरुवात लोहगडापासून करा, कारण मुंबईहून एका दिवसात होतो आणि स्वतःची गाडी न्यावी लागत नाही.

पहाटेच्या इंद्रायणीने लोणावळ्याला उतरायचं, तिथून पुण्याकडची लोकल धरायची, पुढचंच स्टेशन मळवली. स्टेशनातून बाहेर पडून एक्स्प्रेसवेवरचा पूल ओलांडला की भाजे गावाचा रस्ता. बहुतेक जण तडक गडाकडे निघतात. तसं करू नका, आधी भाजे लेणी बघा. दोन हजारांहून जास्त वर्षांपूर्वी कोरलेलं चैत्यगृह, म्हणजे बौद्धांचं प्रार्थनागृह आहे. आत शिरलात की लगेच फोटो काढायला वळू नका, छताकडे बघा. दगडाच्या कमानीला लाकडी फासळ्या लावलेल्या दिसतील. त्या प्राचीन आहेत. डोळे अंधाराला सरावले की लाकडाचा आणि दगडाचा रंग वेगळा कळू लागतो. खांब किंचित आत झुकलेले आहेत, तेही एका बाजूला उभं राहून बघितल्याशिवाय जाणवत नाही. थोडं पुढे चौदा स्तूपांचा समूह आहे, काही आत, काही उघड्यावर. आणखी पुढे शेवटाकडच्या विहारात रथातला सूर्य आणि हत्तीवरचा इंद्र म्हणून ओळखली जाणारी शिल्पं आहेत. तिथे गर्दी क्वचितच पोचते. अर्धा तास तरी द्याच.

मग गायमुख खिंडीतून लोहगडवाडी आणि तिथून पायऱ्या. गणेश, नारायण, हनुमान आणि महादरवाजा असे एकामागून एक चार दरवाजे लागतात. मुलं सोबत असतील तर त्यांना प्रत्येक दरवाजा मागे वळून बघायला सांगा, वाट कशी वळवली आहे ते वरून चटकन समजतं. माथ्यावरून पुढे गेलेली अरुंद सोंड म्हणजे विंचूकाटा. पावसात ती निसरडी होते, वाऱ्याच्या दिवशी टोकापर्यंत जायचा हट्ट धरू नका. जुलै-ऑगस्टमधले शनिवार-रविवार टाळा, पायऱ्यांवर पाय ठेवायला जागा नसते. एखादी रजा खर्च करून बुधवारी जा. मळवलीला दुपारी लोकल कमी असतात, परतीची वेळ सकाळीच बघून ठेवा.

समुद्र हवा असेल तर मांडव्याला जा, तिथून पुढे अलिबाग. भाऊच्या धक्क्यावरून रो-रो, म्हणजे गाड्याही नेणारी बोट आहे, गेटवेवरून लाँच. गेटवेच्या लाँच पावसाळ्यात बंद असतात. घारापुरीची लेणी सोमवारी बंद, कान्हेरीचीही, हे पाहुण्यांना बेत आखतानाच सांगा.

प्रवासात कुणाच्या घरी उतरणार असाल तर मुंबईहून काय न्यायचं, हाही प्रश्न येतोच. मी आमच्या लालबागचा मसाला नेते. मार्च-एप्रिल-मे हा मसाल्याचा हंगाम. गल्लीत शिरताच नाकाला झोंबतं, रुमाल हाताशी ठेवा. मिरच्या स्वतः निवडायच्या: रंगाला बेडगी, तिखटाला लवंगी, मध्ये संकेश्वरी. देठ काढलेल्या आहेत ना ते बघायचं, मिरची मुठीत दाबली तर कडकडीत मोडली पाहिजे. मग गरम मसाल्याचे जिन्नस भाजून घ्यायचे आणि डंकावर डोळ्यांदेखत कुटून घ्यायचं. ताजा मसाला गरम असतो. तो लगेच पिशवीत बंद केला तर आतून ओलावा धरतो. घरी आणून कागदावर पसरा, पूर्ण निवू द्या, मगच दोन पिशव्यांत बांधून वर स्टीलचा डबा. मालवणी मसाला पाव किलो दिला तरी ते घर वर्षभर तुमचं नाव घेतं.

ज्यांच्याकडे तिखट चालत नाही त्यांना माहीमचा हलवा न्या. पातळ चौकोनी वड्या, मध्ये कागद, फ्रिज लागत नाही, बॅगेत दबला तरी बिघडत नाही. वसईला कुणी ओळखीचं असेल तर सुकेळी मिळतात का विचारा. वसईची केळी उन्हात वाळवून केळीच्याच सुक्या पानात बांधतात. करणारी घरं कमी राहिली आहेत, म्हणून मिळाली तर भाव करू नका. विमानाने जाताना सुक्या खोबऱ्याच्या वाट्या नेऊ नका, तेलामुळे पेट घेण्याचा धोका म्हणून घेत नाहीत. लोणचं आणि तूप चेक-इनमध्ये टाका, हातातल्या बॅगेत नको.

राहिली एक भेट, सगळ्यांत स्वस्त. पोस्टात जा आणि ५० पैशांची दहा पोस्टकार्डं घ्या. सीएसएमटीजवळच्या जीपीओत गेलात तर घुमटाखाली उभं राहून ती इमारतही बघून होईल, ती १९१३ ची आहे. प्रत्येक कार्डावर पत्ता स्वतः लिहा: एकावर तुमचा, एकावर आजीचा, एकावर त्याच्या जिवलग मित्राचा, पिन कोडसकट. मग तो गठ्ठा आणि एक बॉलपेन प्लास्टिकच्या पिशवीत घालून निघणाऱ्याला द्या. पत्ते शोधायचे कष्ट नसले की माणूस खरंच लिहितो. शाईचं पेन देऊ नका, पावसात अक्षरं फुटतात. आणि कार्ड तिथल्याच गावच्या पेटीत टाकायला सांगा, म्हणजे शिक्का त्या गावचा पडतो.