उणे पाच लिहिण्याआधी

आयसीयूत नवीन लागलेल्यांना रासचा (RASS) तक्ता पाठ असतोच. पेशंट किती अस्वस्थ किंवा किती गुंगीत आहे ते तो मोजतो, अधिक चार म्हणजे अनावर, ते उणे पाच म्हणजे हाकेला किंवा हलवण्याला काहीच उत्तर नाही. क्रम तेवढा मोडू नका. आधी लांबून बघा, मग नाव घेऊन हाक मारा, हाकेला काहीच उत्तर नसेल तरच खांदा हलवा. आल्या आल्या छातीवर मूठ रगडणारे सीनियर दिसतील, त्यांचं बघून शिकू नका.

मला खरा अडला तो मण्यारीचा पेशंट. आपल्या विदर्भात पावसाळ्यात तो येणारच. रात्री खाली झोपलेल्याला मण्यार चावते. दंश फारसा दुखत नाही, खूणही कधी सापडत नाही. पहाटे पोट दुखतं, पापण्या पडतात, गिळता येत नाही. दवाखान्यात पोचेस्तोवर श्वास संपत आलेला. नळी पडते, व्हेंटिलेटर लागतो. आता हाक मारा, डोळे उघडत नाहीत. खांदा हलवा, काही नाही. तक्त्याप्रमाणे उणे पाच. तो आकडा बघून कोणीतरी झोपेचं औषध बंद करतं, आणि आत माणूस टक्क जागा असतो!

विषाने नसेकडून स्नायूला जाणारा निरोप तुटलाय, मेंदू शाबूत आहे. रास मोजतो ते डोळे उघडणं आणि हालचाल. दोन्ही स्नायूंचीच कामं. व्हेक्युरोनियम, अॅट्राक्युरियम ही स्नायू लुळे करणारी औषधं चालू असलेल्या पेशंटचंही हेच.

म्हणून पापणी बोटाने वर करा आणि सांगा, "भाऊ, वर पाहा. खाली पाहा." पायाचा अंगठा हलवायला सांगा. एवढंसं हललं तरी त्यावर हो-नाही ठरवून घ्या. काहीच हललं नाही तर मेंदू गेला असं धरू नका. जबर दंशात बुबुळं आणि बाहुल्यासुद्धा थिजतात. चार्टवर स्वच्छ लिहा, 'स्नायू लुळे, रास मोजता येत नाही'. नाडी, बीपी एकदम चढलं, घाम किंवा डोळ्यांतून पाणी आलं, तर डॉक्टरांना लगेच सांगा. आणि त्याच्याशी बोला. दवाखान्यात आहात, नळीमुळे आवाज निघत नाही, ताकद परत येते, हे प्रत्येक ड्यूटीत सांगा. ती खरंच परत येते.

शेतातल्या फवारणीच्या औषधाच्या विषबाधेत उलटं. पेशंट नळ्या ओढतो, अधिक तीन. हात बांधायच्या आधी ऑक्सिजन, लघवीची नळी आणि दुखणं बघा. अंग गरम, कोरडं, बाहुल्या मोठ्या असतील तर विषावर उतारा म्हणून दिलेलं अॅट्रोपिन जास्त झालं का ते विचारा.

मागच्या ड्यूटीचा स्कोअर उतरवून काढणं मला अजिबात पटत नाही. सुरुवातीला हात कापतील, आकडा एकाने चुकेल, चालतं. रात्री दोनला तुमच्यासोबत बेडपाशी उभी राहणारी सिस्टर शोधा, तिच्यासोबत दोघींनी वेगवेगळा स्कोअर काढून ताडून पाहा. आणि हँडओव्हरला नुसता आकडा देऊ नका. पेशंटला किती गुंगीत ठेवायचं त्याचा डॉक्टरांनी ठरवलेला आकडा कोणता आणि स्नायू लुळे करणारा शेवटचा डोस कधी गेला, हेही सांगा.