मधुमेह घेऊन वारीला निघताना

माऊलींची पालखी ज्येष्ठ वद्य अष्टमीला आळंदीहून निघते, म्हणून चालायला सुरुवात अक्षय तृतीयेला करायची. अधिक मास नसेल तर मध्ये साधारण सात आठवडे मिळतात. पहिल्या आठवड्यात रोज 3 किलोमीटर, मग वाढवत वाढवत शेवटी लागोपाठ दोन दिवस 15-15. लागोपाठच, कारण पाय खरे बोलतात ते दुसऱ्या दिवशी सकाळी.

याच काळात डॉक्टरांकडे जाऊन डोळ्यांचा पडदा आणि तळव्यांची संवेदना तपासून घ्या. आणि मोघम नको, नेमकं विचारा: अडीचशे किलोमीटर चालणार आहे, माझा डोस कधी आणि किती कमी करू? वारीत साखर वाढण्यापेक्षा उतरण्याची भीती जास्त. इन्सुलिनवर किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्यांवर असलेल्यांना तर विशेष. नुसत्या मेटफॉर्मिनवर ती बरीच कमी. इन्सुलिन घेणाऱ्यांनी चालण्याआधी ते मांडीत घेऊ नये, चालत्या पायातून ते लवकर भिनतं. पोटावर घ्यावं.

बूट संध्याकाळी विकत घ्या, तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात. नवे बूट घालून वारीला निघायचं नाही, आधी महिनाभर वापरून मऊ झालेले हवेत. सुती मोज्यांचे पाच-सहा जोड घ्या, पांढरे. रक्ताचा डाग लगेच दिसतो. एक छोटा आरसाही घ्या, रोज मुक्कामी तळवे पाहायला. माझ्या टाचेला फोड आला होता आणि तो फुटेपर्यंत मला कळलंच नव्हतं, दुखलंच नाही. मधुमेहात दुखत नाही याचा अर्थ बरं आहे असा धरू नका. अनवाणी चालण्याचा नवस बोलला असाल तर माऊलींसमोर हात जोडून तो दुसऱ्या सेवेत बदलून घ्या, ही माझी कळकळीची विनंती. पावसात भिजलेले पाय बोटांच्या बेचक्यांसकट कोरडे करायला जुनं मऊ धोतर उत्तम.

औषधं दिंडीच्या ट्रकमध्ये टाकायची नाहीत. ट्रक पुढे जातो आणि उन्हात तापतो. गोळ्या, ग्लुकोमीटर, पट्ट्या, सगळं खांद्यावरच्या झोळीत. वापरातलं इन्सुलिन 30 अंशांखाली साधारण चार आठवडे टिकतं. मुक्कामी ते कोरड्या पिशवीत बांधून, ओलं फडकं गुंडाळलेल्या छोट्या मडक्यात ठेवता येतं.

सगळ्यात जास्त विचार करायचा तो पुणे ते सासवड या टप्प्याचा. जवळपास 30 किलोमीटर, त्यात दिवे घाट, आणि बहुतेक वर्षी नेमकी त्याच दिवशी एकादशी. म्हणजे सर्वांत लांब चाल आणि उपास एकत्र. कडक उपास त्या दिवशी करू नका. राजगिरा, शेंगदाणे, ताक, केळं असं थोडं थोडं खात चला. घाट चढण्याआधी साखर मोजा. 100 च्या खाली असेल तर आधी खा, मग चढा. हात थरथरले, घाम फुटला, शब्द अडखळले तर जागीच बसायचं आणि तीन चमचे ग्लुकोज पाण्यातून घ्यायचं. पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजायचं, 70 च्या वर आली नसेल तर पुन्हा तेवढंच. पेढा तेव्हा कामाचा नाही, खव्या-तुपामुळे साखर उशिरा चढते.

हे दिंडीतल्या किमान दोघांना आधीच सांगून ठेवा आणि ग्लुकोजची पुडी कुठे आहे ते दाखवा. शुद्ध हरपली तर तोंडात काही घालू नका, कुशीवर वळवा आणि ॲम्ब्युलन्सला हाक मारा, हेही सांगा. लाजू नका. भजनाच्या नादात घाम कसला ते आपल्यालाच कळत नाही, शेजारच्याला कळतं.

दिवसभराच्या चालीनंतर साखर रात्रीही उतरते, म्हणून निजण्याआधी एकदा मोजणं सोडू नका आणि उशाशी काहीतरी खायला असू द्या.

आणि पंढरपूरहून परतल्यावर डॉक्टरांची भेट आधीच ठरवून ठेवा. चाल थांबते, घरचं जेवण सुरू होतं, आणि वारीसाठी कमी केलेला डोस तसाच राहिला तर आठवड्याभरात साखर वर जाते.