जुनं हत्यार ओळखायचं असेल तर आधी ते घासू नका

उद्यमनगरातलं एखादं जुनं वर्कशॉप बंद झालं की भंगारात हत्यारं पोत्यानं येतात. घेणारा माणूस घरी नेऊन पहिल्यांदा तार-ब्रशनं ती चकचकीत करतो. हे करू नका. गंजाखालचा फिकट शिक्का, झिजलेली कड, खाचेत साठलेली ग्राइंडरची राख यांवरूनच वस्तू ओळखता येते. आधी कोरडीच नीट बघा, चारी बाजूंनी फोटो काढा. मग रात्रभर रॉकेलमध्ये ठेवा आणि जुन्या टूथब्रशनं पुसा.

पुढं आटे मोजा. चार सुती, म्हणजे अर्धा इंची बोल्टावर इंचाला १२ आटे आले तर बहुधा व्हिटवर्थ, म्हणजे जुनं ब्रिटिश माप, १३ आले तर अमेरिकी. थ्रेड गेज, म्हणजे आटे जुळवून बघायची दातेरी पट्टी, लावल्याशिवाय बोलू नका, अंदाजानं घातलेला नट आटे खातो. व्हिटवर्थच्या पान्ह्यावरचा आकडा बोल्टाच्या जाडीचा असतो, जबड्याचा नव्हे. म्हणून १/२ लिहिलेल्या पान्ह्याचा जबडा २३ मिलिमीटरहून थोडा जास्त भरतो. तो पान्हा खोटा नाही, टाकून देऊ नका.

धातूची शंका असेल तर न लागणारी कड ग्राइंडरला क्षणभर टेकवा, चष्मा घालून. पांढऱ्या, फुलबाजीसारख्या फुटणाऱ्या ठिणग्या आल्या तर कार्बन स्टील. आखूड, लालसर, न फुटणाऱ्या आल्या तर हायस्पीड स्टील.

आपल्याकडं ऑइल इंजिनच्या कामाची हत्यारं हटकून सापडतात. छत्रीसारखं तोंड, तिरके दात आणि मधून आरपार भोक असेल तर तो व्हॉल्व्ह सीट कटर, म्हणजे व्हॉल्व्ह बसतो ती जागा कापून नीट करणारा. त्या भोकात बसणारी गुळगुळीत दांडी म्हणजे पायलट. ती व्हॉल्व्ह गाइडमध्ये, म्हणजे व्हॉल्व्हची दांडी सरकते त्या नळीत, शिरून कटर मध्यावर धरते. कटर आणि पायलट नेहमी वेगवेगळ्या पोत्यांत गेलेले असतात, म्हणून साधी दिसणारी दांडीही भंगारात घालू नका. पक्कडीसारखं असून तोंडाशी आकडे लिहिलेली फिरती चकती असेल तर ते करवतीचे दात एकाआड एक वाकवायचं हत्यार. दोन जबडे आणि खाली छोटं चाक असेल तर त्यात रंध्याचं पातं किंवा पटाशी धरून दगडावर धार लावतात.

खरी अडचण धार लावायच्या फिक्स्चरची, म्हणजे धार लावताना वस्तू ठरावीक कोनात धरणाऱ्या साधनाची. त्यांच्यावर नाव नसतं, निम्मे भाग हरवलेले असतात आणि दिसायला ती कशाचीही वाटतात. इथं 'हे काय आहे?' असं विचारत बसू नका. यात काय धरलं जात होतं आणि ते कशाभोवती फिरत होतं, एवढंच शोधा. इंग्रजी व्ही अक्षरासारखी खाच असेल तर गोल वस्तू धरत होते. खाचेच्या शेपटाशी सरकता स्क्रू असेल तर वस्तू थोडी थोडी पुढं ढकलायची होती. आणि खाच एका पिनीवर झुलत असेल, तर ती पिन कुठल्या कोनात आहे ते मापा.

याच पिनीनं मला फसवलं. पंधरा वर्षांपूर्वी असं एक बिडाचं फिक्स्चर माझ्या हाती आलं, पिन चांगलीच कलती. पडून वाकली असणार असं मी ठरवलं आणि भोक नव्यानं सरळ करून बुश बसवून घेतला. मग त्यात धरून एका ड्रिलला धार लावून बघितली. कड धारदार दिसत होती, पण ड्रिल लोखंडात शिरेना. नुसतं घासत राहिलं, किंचाळलं आणि टोक निळं पडलं. ते ड्रिलला धार लावायचं फिक्स्चर होतं आणि पिनीचा कल हेच त्याचं सगळं काम होतं. कलत्या पिनीवर ड्रिल झुलतं तेव्हा टोकाला शंकूचा आकार येतो आणि कापणाऱ्या कडेच्या मागचा भाग आपोआप खाली उतरतो. तो उतरला नाही तर मागचा भागच आधी टेकतो, कड लोखंडाला लागतच नाही. ती चूक मला परत दुरुस्त करता आली नाही. म्हणून कळकळीनं सांगतो, जुन्या फिक्स्चरमध्ये वाकडं दिसेल ते मापल्याशिवाय सरळ करू नका. ओतीव बीड वाकत नाही, तुटतं. बिडात भोकच कलतं पाडलेलं असेल तर ते मुद्दाम पाडलेलं असतं.

खात्री करायला दुसरं मापही घ्या. सर्वसाधारण ड्रिलच्या टोकाचा कोन ११८ अंश असतो, म्हणजे खाच ग्राइंडरच्या दगडाच्या सपाट बाजूशी त्याच्या निम्म्या, ५९ अंशांत येते. एवढं जुळलं की शंका उरत नाही.

वापरायला काढण्याआधी दगड लाकडी मुठीनं हलकेच वाजवा. स्वच्छ नाद आला तरच तो चालवा, बद्द वाजला तर बदला. हे फिक्स्चर दगडाच्या बाजूवर चालतं, त्यामुळं झिजून पातळ झालेला दगड इथं अजिबात नको, आणि दाब बोटानं देता येईल एवढाच. आधी स्वस्तातलं जाड ड्रिल लावा, भोक पाडून बघा. दोन्ही बाजूंनी सारखी कात, म्हणजे लोखंडाचा कीस, निघाली तर फिक्स्चर पूर्ण आहे. एकाच बाजूनं निघाली तर एक कड लांब झालीय, म्हणजे कडेला टेकण देणारी छोटी पट्टी हरवलेली किंवा सरकलेली असणार. ती पोत्यात पुन्हा शोधा.