स्क्रम, एक्सपी की कानबान? निवड करताना या चुका टाळा

हिंजवडी असो वा खराडी, नवा प्रकल्प सुरू झाला की स्क्रम, एक्सपी, कानबान यांपैकी कोणती अजाइल पद्धत (म्हणजे सॉफ्टवेअर छोट्या टप्प्यांत, बदल सामावून घेत तयार करण्याची रीत) घ्यायची हा प्रश्न पहिल्याच बैठकीत निघतो आणि त्याचे उत्तर बहुधा टीम लीडच्या मागच्या कंपनीत काय चालत होते यावरून ठरते. पुढे होणाऱ्या बऱ्याच घोटाळ्यांचे मूळ तिथेच असते.

अजाइल आणि स्क्रम हे एकच आहे असे समजणे ही पहिली चूक होय. फेब्रुवारी 2001 मध्ये अमेरिकेतील युटा राज्यात स्नोबर्ड येथे 17 जणांनी जो अजाइल जाहीरनामा तयार केला, त्यात स्क्रममधल्या स्प्रिंटचा (ठरावीक मुदतीचा कामाचा टप्पा) किंवा स्टँडअपचा (रोजची छोटी बैठक) उल्लेखही नाही. प्रक्रिया व साधनांपेक्षा माणसे व त्यांचा परस्परसंवाद, भरगच्च कागदपत्रांपेक्षा चालणारे सॉफ्टवेअर, कराराच्या वाटाघाटींपेक्षा ग्राहकाशी सहकार्य आणि ठरलेल्या योजनेपेक्षा बदलाला प्रतिसाद, एवढी चारच मूल्ये त्यात मांडली आहेत. कागदपत्रे, योजना अशा दुसऱ्या बाजूच्या गोष्टींनाही किंमत आहे असे त्याच जाहीरनाम्यात स्पष्ट म्हटलेले असताना ‘अजाइलमध्ये डॉक्युमेंटेशन लागत नाही’ हे वाक्य मात्र सर्रास ऐकू येते.

दुसरी चूक अधिक खोल आहे, ती म्हणजे पद्धतींची तुलना बैठकांच्या संख्येवरून करणे. स्क्रम बांधिलकी, एकाग्रता, मोकळेपणा, आदर आणि धैर्य ही पाच मूल्ये मानते. केंट बेक यांच्या एक्स्ट्रीम प्रोग्रॅमिंगमध्ये, म्हणजे एक्सपीमध्ये, संवाद, साधेपणा, अभिप्राय, धैर्य आणि आदर ही मूल्ये आहेत. धैर्य दोन्हीकडे आहे, पण एक्सपीत ते कोड लिहिण्यापर्यंत उतरते: स्वयंचलित चाचण्या पाठीशी असतात म्हणूनच जुना गुंतागुंतीचा कोड मोडून नव्याने लिहिण्याची हिंमत होते. स्क्रम मात्र कोड कसा लिहावा याविषयी मुद्दामच काही सांगत नाही. ही मोकळी जागा भरली नाही, तर प्रत्येक स्प्रिंटच्या शेवटच्या दोन दिवसांत टेस्टिंगचा ढीग साचतो आणि दोष स्क्रमला दिला जातो. अशा वेळी पद्धत बदलण्याऐवजी स्क्रमच्या चौकटीतच चाचणी-प्रथम विकास (कोडच्या आधी त्याची चाचणी लिहिणे) आणि रोजचे इंटिग्रेशन (सर्वांचा कोड एकत्र जोडणे) आणावे.

स्टँडअपचे हजेरीपटात रूपांतर होणे हे आणखी एक ओळखीचे दुखणे आहे. ही बैठक 15 मिनिटांची असून ती डेव्हलपर मंडळींनी आपापसांत दिवसाचे नियोजन करण्यासाठी आहे. काल काय केले, आज काय करणार, अडचण काय, हे तीन ठरावीक प्रश्नही स्क्रम मार्गदर्शिकेच्या 2020 च्या आवृत्तीतून वगळले आहेत. मॅनेजर रजेवर असताना बैठक आपोआप रद्द होत असेल, तर ती कोणासाठी चालली होती हे वेगळे सांगायला नको. मी स्वतः एका टीममध्ये जवळपास वर्षभर अशी हजेरी दिली आहे, तीही बहुतेक वेळा वाकडच्या पुलाखाली अडकलेल्या बसमधून.

कानबान म्हणजे भिंतीवरचा किंवा जिरा या कामे नोंदवण्याच्या सॉफ्टवेअरमधला बोर्ड ही समजूत निदान पुण्यात तरी असू नये, कारण पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या वाहन उद्योगाला टोयोटाकडून आलेला हा शब्द परका नाही. हाती घेतलेल्या कामांवर मर्यादा घालणे हा त्याचा गाभा आहे आणि नेमकी तीच गाळली जाते. टीम आठवड्याला सरासरी 3 कामे पूर्ण करत असेल आणि 12 कामे हातात असतील, तर एका कामाला सरासरी 4 आठवडे लागतात; पूर्ण होण्याचा वेग तोच ठेवून हातातली कामे 6 वर आणली, तर 2 आठवडे लागतात. प्रत्यक्षात मात्र ‘हे तेवढे अर्जंट आहे’ म्हणून सातवे काम आत येते. ते घ्यायचेच असेल, तर आधीचे कोणते थांबवायचे हे ते काम आणणाऱ्यालाच विचारावे.

दोन टीमच्या व्हेलॉसिटीची, म्हणजे एका स्प्रिंटमध्ये पूर्ण केलेल्या स्टोरी पॉइंटची, तुलना तर करूच नये. स्टोरी पॉइंट हे कामाच्या आकाराचे प्रत्येक टीमचे स्वतःचे माप असते आणि तुलना सुरू होताच अंदाज फुगू लागतात.

निवड करताना आधी दुखणे पाहावे. रोज अनपेक्षित तिकिटे (तक्रारी व मागण्यांच्या नोंदी) येणाऱ्या सपोर्ट टीमला दोन आठवड्यांचा स्प्रिंट जाच ठरतो, तिथे कानबान बरे. ग्राहकाला नेमके काय हवे हेच उलगडायचे असेल, तर स्क्रममधील दर स्प्रिंटअखेरचे परीक्षण, म्हणजे झालेले काम दाखवून अभिप्राय घेणे, उपयोगी पडते. आणि प्रत्येक रिलीजला जुनेच बग परत येत असतील, तर एक्सपीच्या चाचण्यांपासून सुरुवात करावी.